स्केपगोट

इतरांच्या चुकांचे खापर ज्याच्या माथी फोडले जाते, अशा व्यक्तीला किंवा समाजगटाला इंग्रजीत ‘स्केपगोट’ म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘बळीचा बकरा’ रूढ आहे. परंतु मूळ विधीत या बकऱ्याचा बळी दिला जात नसे, बळी जाई तो त्याच्या जोडीचा.

हा विधी बायबलच्या जुन्या करारात, लेवीय या ग्रंथाच्या १६व्या अध्यायात सांगितला आहे. प्रायश्चित्ताच्या दिवशी दोन बकरे आणून त्यांच्यावर चिठ्ठ्या टाकीत, एक परमेश्वरासाठी आणि एक ‘अजाजेल’साठी. पहिल्याचा बळी दिल्यावर मुख्य याजक दुसऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून इस्राएल लोकांचे सारे अपराध उच्चारी आणि तो जिवंत बकरा ते ओझे घेऊन रानात धाडला जाई. मिश्ना या यहुदी ग्रंथात पुढची हकीकत येते. लाल लोकरीच्या पट्टीचा अर्धा भाग खडकाला व अर्धा बकऱ्याच्या शिंगांमध्ये बांधून त्याला कड्यावरून मागे ढकलीत, आणि निम्मी उतरण गाठण्याआधीच त्याच्या हाडांचा चुराडा होई.

‘अजाजेल’ म्हणजे रानातील एखादी दुष्ट शक्ती की कड्याचे नाव, यावर अभ्यासकांत एकमत नाही. प्राचीन ग्रीक व लॅटिन भाषांतरकारांनी मात्र त्याचा अर्थ ‘पाठवून दिलेला बकरा’ असा लावला. त्याच वाटेने जात विल्यम टिंडेल या इंग्रज भाषांतरकाराने बायबलच्या १५३०च्या इंग्रजी भाषांतरात, निसटणे या अर्थाच्या ‘एस्केप’चे आखूड रूप ‘स्केप’ घेऊन हा जोडशब्द घडवला. १६११च्या अधिकृत इंग्रजी बायबलने तो कायम ठेवला. १८८५च्या सुधारित आवृत्तीत त्याच्या जागी पुन्हा ‘अजाजेल’ आले, पण तोवर शब्द लोकांच्या तोंडी बसला होता.

आजचा लाक्षणिक अर्थ एकोणिसाव्या शतकात रुजला, आणि त्यात एक मोठा फरक पडला, जो शब्दकोशांत सहसा येत नाही. विधीत पाप आपले आहे हे लोक उघड कबूल करीत व बकरा निर्दोष आहे हे सर्वांना ठाऊक असे. आधुनिक अर्थात ती कबुली गळून पडते आणि ज्याच्यावर खापर फुटते तोच खरा गुन्हेगार ठरवला जातो. फ्रेंच सैन्यातील यहुदी कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफस याला १८९४ मध्ये देशद्रोही ठरवून डेव्हिल्स आयलंड या कैद्यांच्या बेटावर पाठवले, ते असेच. खऱ्या हेराविरुद्ध पुरावा सापडल्यावरही लष्करी न्यायालयाने १८९८ मध्ये त्या हेरालाच निर्दोष सोडले. ड्रेफसवरील कलंक १९०६ मध्ये पुसला गेला.