लघवीत प्रोटीन का उतरते? पोडोसाइटच्या शोधाची पार्श्वभूमी

ठाणे-नवी मुंबईतल्या नेफ्रोटिक सिंड्रोमच्या कुठल्याही रुग्णाची फाइल उघडली, तर तिच्यात वेगवेगळ्या काळातली वैद्यकी शेजारी-शेजारी सापडते. वहीत रोज सकाळच्या लघवीतल्या प्रथिनाची नोंद असते : निल, ट्रेस, तीन प्लस. त्यामागे बायोप्सीचा रिपोर्ट, 'मिनिमल चेंज' (साध्या सूक्ष्मदर्शकात बिघाड न दिसणारा प्रकार) किंवा 'एफएसजीएस' (गाळणीच्या काही भागांत वण पडणारा प्रकार). रुग्ण मोठा असेल तर 'पीएलए२आर अँटिबॉडी' नावाची रक्ततपासणी, मूल असेल आणि स्टिरॉइड लागू पडत नसेल तर जनुकीय चाचणी. हे सगळे कागद मूत्रपिंडातल्या एकाच पेशीविषयी सांगत असतात. तिचे नाव पोडोसाइट. लघवीतल्या प्रथिनापासून या पेशीतल्या प्रथिनापर्यंत पोचायला मात्र पावणेदोनशे वर्षे लागली.

आधी गाळणीची रचना. प्रत्येक मूत्रपिंडात साधारण १० लाख ग्लोमेरुलस असतात, म्हणजे रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांचे गुच्छ. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातला बहुतेक पुढच्या नलिकांमध्ये परत शोषला जातो. गाळणीला तीन थर : आतून केशवाहिनीचे छिद्रयुक्त अस्तर, मध्ये बेसमेंट मेम्ब्रेन हा आधार देणारा पातळ पडदा आणि बाहेरून पोडोसाइट. पोडोसाइटला बारीक फाटे असतात. शेजारच्या पेशीचे फाटे एकमेकांत गुंफले जातात आणि मधल्या जेमतेम ४० नॅनोमीटरच्या फटीवर एक पातळ पडदा ताणलेला असतो, त्याला स्लिट डायफ्राम म्हणतात. निरोगी माणसाच्या लघवीतून दिवसाला १५० मिलिग्रॅमपेक्षा कमी प्रथिन जाते. प्रौढात हा आकडा साडेतीन ग्रॅमच्या वर गेला, रक्तातले अल्ब्युमिन घसरले आणि अंगावर सूज आली की नेफ्रोटिक सिंड्रोम झाला असे म्हणतात.

सूज आणि लघवी यांचा संबंध इटलीतल्या डोमेनिको कोटुन्यो यांनी १८व्या शतकातच पाहिला होता. सुजलेल्या एका सैनिकाची लघवी तापवल्यावर अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठली. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ साली ही खूण मृत्यूनंतर पाहिलेल्या खराब मूत्रपिंडांशी जोडली. त्यांची प्रयोगशाळा म्हणजे चमचाभर लघवी आणि मेणबत्ती. आजची स्ट्रिप रंग बदलून तेच सांगते, फक्त तिला तिचे नखरे आहेत. सकाळची पहिली लघवी घ्यायची, बाटलीवर दिलेल्या वेळेलाच रंग वाचायचा आणि झाकण लगेच लावायचे. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत उघड्या राहिलेल्या बाटलीतल्या पट्ट्या भलतेच रंग दाखवतात. लघवी फार घट्ट किंवा फार अल्कलाइन असेल तरी खोटे प्लस येते. लहान मुलात सलग तीन दिवस तीन प्लस किंवा जास्त आले तर रिलॅप्स, म्हणजे आजार उलटला, सलग तीन दिवस निल किंवा ट्रेस आले तर आराम. म्हणून त्या वहीची किंमत महागड्या तपासणीपेक्षा कमी नाही.

ब्राइट यांच्यानंतरची शंभर वर्षे वर्णनात गेली. १९०५ साली फ्रीडरिश म्युलर यांनी दाह न दिसणाऱ्या मूत्रपिंडविकारांना 'नेफ्रोसिस' हा वेगळा गट दिला. १९२५ साली टेओडोर फार यांनी ग्लोमेरुलसच्या ठराविक भागात पडलेले वण टिपले. १९५७ साली आर्नल्ड रिच यांनी नेफ्रोसिसने दगावलेल्या मुलांच्या मूत्रपिंडांत दाखवले की हे वण आधी खोलवर, मेड्युलाच्या (मूत्रपिंडाच्या आतल्या भागाच्या) सीमेलगतच्या ग्लोमेरुलसमध्ये उमटतात. आजच्या बायोप्सीत हे निरीक्षण रोज कामाला येते. सुईत फक्त वरच्या कॉर्टेक्सचा तुकडा आला, किंवा ग्लोमेरुलस जेमतेम पाच-सहाच मिळाले, तर एफएसजीएसचा वण हुकतो आणि रिपोर्ट 'मिनिमल चेंज' असा येतो. दुसरी चूक नमुना पाठवताना होते. साध्या सूक्ष्मदर्शकासाठी तुकडा फॉर्मालिनमध्ये, इम्युनोफ्लुरोसन्ससाठी (साचलेल्या अँटिबॉडी चमकवून दाखवणाऱ्या तपासणीसाठी) वेगळ्या द्रावणात, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी ग्लुटाराल्डिहाइडमध्ये, अशी विभागणी बायोप्सीच्या टेबलाजवळच करावी लागते. इथून नमुने अनेकदा खाडीपलीकडे मुंबईला किंवा आणखी लांब जातात. सगळेच फॉर्मालिनमध्ये बुडवून पाठवले, तर नेहमीच्या पद्धतीने इम्युनोफ्लुरोसन्स करता येत नाही.

त्याच १९५७ साली खरा धागा हाती आला होता. मॅरिलिन फारकर, रॉबर्ट व्हर्नियर आणि रॉबर्ट गुड यांनी नेफ्रोटिक रुग्णांच्या बायोप्सी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिल्या. साध्या सूक्ष्मदर्शकात जिथे काहीच बिघाड दिसत नव्हता, तिथे पोडोसाइटचे फाटे सपाट होऊन एकमेकांत मिसळलेले दिसले. पण बहुतेकांनी हा प्रथिन गळतीचा परिणाम मानला, कारण नव्हे. लक्ष बेसमेंट मेम्ब्रेनकडे आणि तिच्यावरच्या विद्युतभाराकडे वळले. १९७४ साली शालूब यांनी टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) काहीतरी विषारी द्रव्य सोडत असाव्यात असा तर्क मांडला, आणि पुढची कित्येक वर्षे ते द्रव्य शोधण्यात गेली. त्याच वर्षी रोडवाल्ड आणि कार्नोव्स्की यांनी स्लिट डायफ्रामची झिपसारखी सुबक रचना दाखवली होती. झिप दिसत होती, ती कशाची विणली आहे हे कुणाला ठाऊक नव्हते. इतका ठळक पुरावा समोर असताना पेशीवर संशय घ्यायला एवढा वेळ लागावा, हे या इतिहासातले सर्वात खटकणारे प्रकरण आहे.

१९८८ साली जपानी संशोधकांनी उंदरांवर एक मोनोक्लोनल, म्हणजे एकाच लक्ष्याला चिकटणारी अँटिबॉडी वापरली. एकाच इंजेक्शनने लघवीतून भरपूर प्रथिन जाऊ लागले. ती नेमकी कोणत्या प्रथिनाला चिकटते, हे तेव्हा कळले नाही.

उत्तर फिनलंडमधून आले. तिथे जन्मजात नेफ्रोटिक सिंड्रोमचा एक प्रकार तुलनेने जास्त आढळतो. वार (प्लासेंटा) अवाजवी मोठी असते आणि बाळ जन्मापासूनच प्रथिन गमावत असते. १९९८ साली कार्ल ट्रिग्वासन यांच्या गटाने त्याचे जनुक शोधले, एनपीएचएस-१. त्यातून बनणारे प्रथिन म्हणजे नेफ्रिन, १२४१ अमिनो आम्लांचे. ते नेमके स्लिट डायफ्राममध्ये बसलेले निघाले. १९८८ची ती अँटिबॉडीही नेफ्रिनलाच चिकटत होती, हे लगोलग उघड झाले. पोडोसाइटमधले एक प्रथिन बिघडले की तेवढ्यानेच गाळणी फुटते, हे इथे सिद्ध झाले.

मग दारे भराभर उघडली. २००० साली पोडोसिन सापडले. ते नेफ्रिनला पडद्यात जागेवर धरून ठेवते. त्यातले काही बदल असे, की घडी चुकलेले पोडोसिन पेशीच्या आतच अडकते आणि नेफ्रिनही बाहेर पोचत नाही. त्याच वर्षी अल्फा-अॅक्टिनिन-४ हे प्रथिन हाती आले. फाट्यांचा सांगाडा अॅक्टिन नावाच्या प्रथिनाचा असतो, आणि बदललेले अल्फा-अॅक्टिनिन त्याला गरजेपेक्षा घट्ट पकडते, त्यामुळे सांगाडा लवचिक राहत नाही. २००५ साली टीआरपीसी६ ही कॅल्शियमची वाट सापडली. ती जास्त उघडी राहिली की पेशीत कॅल्शियम वाढते आणि सांगाडा कोसळतो. अशी डझनावारी जनुके आता माहीत आहेत.

याचा थेट उपयोग औषधात आहे. मुलाच्या पहिल्या आजारात प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दिवसाला प्रति किलो २ मिलिग्रॅम, कमाल ६० मिलिग्रॅम, सहा आठवडे देतात, मग दिवसाआड कमी मात्रेत. बहुतेक मुले यानेच बरी होतात. रोजचा पूर्ण डोस सहा आठवडे देऊनही प्रथिन थांबले नाही, किंवा बाळ वर्षाच्या आतले असेल, किंवा घरात आणखी कुणाला हा आजार असेल, तर जनुकीय चाचणी करण्यात अर्थ आहे. मूळ विणच चुकीची असेल तर प्रतिकारशक्ती दाबून ती सुधारत नाही. अशा मुलाला महिनोन्‌महिने स्टिरॉइड देत राहिले, तर हाती वजन, खुंटलेली उंची आणि संसर्ग एवढेच लागते. उलट बाजूने, पोडोसिनच्या दोन्ही प्रतींतल्या बिघाडात प्रत्यारोपणानंतर आजार सहसा परतत नाही, तर कारण न कळलेल्या एफएसजीएसमध्ये साधारण एक तृतीयांश रुग्णांत परततो. दात्याच्या शोधात असलेल्या कुटुंबासाठी हा फरक फार मोठा आहे.

अँटिबॉडीची बाजू समांतर चालू होती. २००९ साली लॉरेन्स बेक आणि डेव्हिड सॅलंट यांनी मेम्ब्रेनस नेफ्रोपथी या नेफ्रोटिकच्या आणखी एका प्रकाराच्या बहुतेक प्रौढ रुग्णांच्या रक्तात पोडोसाइटवरच्या पीएलए२आर या प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी दाखवली. मूळ कारण न सापडलेल्या रुग्णांपैकी सुमारे ७० टक्क्यांत ती असते. प्रथिन कमी होण्याच्या कित्येक आठवडे आधी तिची पातळी उतरते, म्हणून औषध लागू पडते आहे का, ते लवकर कळते. पीएलए२आर निगेटिव्ह आले तर रुग्णाला एक प्रश्न विचारलाच पाहिजे : चेहऱ्याला काय लावता, आणि भस्म किंवा गावठी औषध घेता का? पारा असलेली गोरेपणाची क्रीम आणि काही पारंपरिक औषधे यांच्याशी निगडित मेम्ब्रेनस नेफ्रोपथी केरळ आणि वेल्लोरच्या डॉक्टरांनी नोंदवली आहे. अशा रुग्णांच्या ग्लोमेरुलसमध्ये एनईएलएल-१ हे प्रथिन सापडते. भारतीय नियमांनुसार डोळ्यांची सौंदर्यप्रसाधने वगळता इतर प्रसाधनांत पारा अजाणता मिसळला तरी दहा लाखांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. ज्या डबीवर बनवणाऱ्याचा पत्ता नाही, तिच्याकडून ही अपेक्षा करू नये. क्रीम थांबवल्यावर अनेकांचे प्रथिन उतरते. डबी फेकू नका, डॉक्टरांना दाखवा.

मिनिमल चेंजचे कोडे सर्वात उशिरा सुटू लागले. २०२२ साली काही रुग्णांच्या रक्तात नेफ्रिनविरुद्ध अँटिबॉडी सापडल्या. २०२४च्या मोठ्या अभ्यासात, आजार सक्रिय असताना आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सुरू नसताना, मिनिमल चेंजच्या ६९ टक्के प्रौढांत आणि इडिओपथिक (कारण न कळलेल्या) नेफ्रोटिकच्या ९० टक्के मुलांत त्या आढळल्या. १९८८च्या उंदरांनी हे सांगितलेच होते. फिनलंडमधल्या काही मुलांतही प्रत्यारोपित मूत्रपिंडावरच्या नेफ्रिनविरुद्ध अँटिबॉडी तयार होऊन प्रथिन परत जाऊ लागल्याचे आधी दिसले होते. स्टिरॉइड का लागू पडते, याचे पटणारे उत्तर आता कुठे मिळते आहे.

मधुमेहात गोष्ट संथ आहे, पण पेशी तीच. पोडोसाइट जवळपास विभागत नाहीत. गळून लघवीत गेलेल्या पेशीची जागा सहज भरून निघत नाही. २००५ साली उंदरांवरच्या प्रयोगात ठरावीक प्रमाणात पोडोसाइट मारून पाहिले. २० टक्क्यांपर्यंतचे नुकसान मूत्रपिंडाने बरेचसे सोसले, त्यापुढे वण पडू लागले आणि ४० टक्क्यांच्या पुढे मूत्रपिंड निकामी होत गेले. टेल्मिसार्टन, रामिप्रिल किंवा डापाग्लिफ्लोझिन देतात ते ग्लोमेरुलसमधला दाब उतरवून उरलेल्या पेशी टिकवण्यासाठी. पहिली दोन सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचे असते. लॅबमध्ये फक्त 'युरिन रूटीन' सांगू नये, कारण स्ट्रिप निल असतानाही अल्ब्युमिन वाढलेले असू शकते. 'युरिन अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो' असे स्पष्ट लिहून घ्यावे. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी अल्ब्युमिन ठीक, ३० ते ३०० ही सुरुवात. ताप, लघवीचा संसर्ग किंवा आदल्या दिवशीचा जोराचा व्यायाम यांनी आकडा तात्पुरता वाढतो, म्हणून तीन ते सहा महिन्यांतल्या तीनपैकी दोन नमुन्यांत तो वाढलेला आला तरच धरायचा.