अक्कलदाढ: ठणका हिरडीचा, खर्च हाडाचा

रात्र रात्र झोपू न देणारी अक्कलदाढ कधी कधी पाच-दहा मिनिटांत निघते. उलट जिने कधी हूं की चूं केलं नाही, अशी दाढ काढायला तासभर लागतो आणि बिलही मोठं होतं. याचं कारण असं की ठणका बहुतेक वेळा हिरडीतून येतो, आणि खर्च ठरतो तो दाढ हाडात कशी बसली आहे त्यावरून. फार दुखतंय म्हणजे मोठं ऑपरेशनच असणार, हा अंदाज त्यामुळे दोन्ही बाजूंनी चुकतो.

अक्कलदाढा साधारण १७ ते २५ या वयात येतात. काहींना चारही येतात, काहींना एखादी जन्मतःच नसते. तोपर्यंत जबड्यातली जागा भरून गेलेली असते. मग दाढ अर्धीच वर येते, नाहीतर शेजारच्या दाढेवर कलून अडकते. अर्ध्या आलेल्या दाढेवर हिरडीची एक झडप राहते. या झडपेखालच्या खोबणीत ब्रश पोचत नाही, चूळ भरून आतलं अन्न निघत नाही, आणि हवाही नीट खेळत नाही. प्राणवायूशिवाय वाढणाऱ्या जंतूंना यापेक्षा सोयीची जागा तोंडात क्वचितच मिळेल. झडप सुजते, सुजली की वरची दाढ चावताना तिच्यावरच आपटते, आपटल्यामुळे ती आणखी सुजते. तोंडाला घाण चव येते, वास येतो. या दुखण्याला पेरिकोरोनायटिस म्हणतात.

जबडा हलवणारे स्नायू या जागेला अगदी लागून असतात. सूज त्यांच्यापर्यंत गेली की तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही. खालच्या दाढा आणि कानाजवळचा भाग यांच्या संवेदना एकाच मोठ्या मज्जातंतूच्या फांद्यांमधून मेंदूकडे जातात, म्हणून कळ कानात मारते आणि माणूस आधी कानाच्या डॉक्टरकडे जाऊन येतो. रात्री ठणका वाढतो, कारण आडवं झाल्यावर डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो. दोन उशा घेऊन झोपल्यावर थोडं हलकं वाटतं ते याचमुळे.

तीन-चार दिवसांनी पू आपोआप निघून जातो, ठणका थांबतो आणि ‘बरं झालं’ असं वाटतं. झडपेखालची खोबण मात्र जागेवरच असते. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा तेच सुरू होतं.

मात्र प्रत्येक ठणका झडपेचाच असतो असं नाही. थंड किंवा गोड लागल्यावर सणक जात असेल तर किडीचा संशय घ्यावा. ही कीड अक्कलदाढेत असू शकते, किंवा तिच्या पुढच्या दाढेच्या पाठीमागेही, जिथे आरशातही दिसत नाही. वरची अक्कलदाढ गालाकडे कललेली असेल तर गाल चावला जाऊन तिथे जखम होते, आणि तीही दाढदुखी म्हणूनच सांगितली जाते.

डॉक्टर भेटेपर्यंत

मिठाच्या पाण्याच्या गुळण्या हा खरोखरच उपयोगी उपाय आहे, फक्त तो नीट करायला हवा. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घ्यावं, मान दुखऱ्या बाजूला कलती करून पाणी त्या कोपऱ्यात अर्धा मिनिट धरावं आणि दिवसातून चार-पाच वेळा, विशेषतः खाल्ल्यानंतर, हे करावं. घशात खळखळ करून उपयोग नाही, पाणी दाढेमागे पोचायला हवं. दुखतं म्हणून तिथे ब्रश फिरवणं सोडू नये. लहान डोक्याचा मऊ ब्रश घ्यावा आणि तोंड अर्धवट मिटून आत न्यावा. तोंड मोठं उघडलं की गाल ताणला जातो आणि मागे जागाच उरत नाही.

गोळ्यांमध्ये दातदुखीवर आयबुप्रोफेन चांगलं चालतं, कारण ते सूजही कमी करतं. पॅरासिटामॉल वेगळ्या मार्गाने काम करतं, म्हणून दोन्ही मिळून एकट्या गोळीपेक्षा जास्त आराम पडतो. निरोगी प्रौढ माणसासाठी खाल्ल्यानंतर आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि सोबत पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम हे नेहमीचं प्रमाण. डॉक्टरांना न विचारता घेताना आयबुप्रोफेन दिवसात १२०० मिलिग्रॅमच्या वर, म्हणजे ४०० च्या तीन गोळ्यांच्या वर नेऊ नये. पॅरासिटामॉलची कमाल मर्यादा चोवीस तासांत ४ ग्रॅम आहे, आणि सर्दीच्या अनेक गोळ्यांमध्येही ते असतं, ते या हिशेबात धरायला लोक विसरतात. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, रक्त पातळ करणारी औषधं, वेदनाशामकांनी उसळणारा दमा किंवा गरोदरपण असेल तर आयबुप्रोफेन स्वतःच्या मनाने घेऊ नये.

लवंगतेलातलं युजेनॉल जागा थोडी बधिर करतं, पण शुद्ध तेल थेट लावलं तर हिरडी भाजते. एखादा थेंब खाद्यतेलात मिसळून कापसाच्या टोकाने लावावा. अॅस्पिरिनची गोळी दाढेपाशी दाबून धरण्याचा जुना उद्योग मात्र बंदच करावा. ती पोटातून रक्तात गेल्यावर काम करते, हिरडीवर ठेवली तर पांढरा भाजल्याचा डाग पाडते आणि एका दुखण्याची दोन होतात. गाल सुजला असेल तर बाहेरून फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं ठेवावा. शेक देऊ नये.

अँटिबायोटिकबद्दल मोठा गैरसमज आहे. संसर्ग पसरत असेल, ताप असेल, तोंड उघडत नसेल तर त्याची गरज असते. नुसत्या सुजलेल्या झडपेला आतली घाण धुऊन काढणं हाच खरा उपचार आहे, आणि तो डेंटिस्ट बोथट सुईच्या सिरिंजने काही मिनिटांत करतो. दर खेपेला मागच्या वेळची चिठ्ठी दाखवून तोच कोर्स घेणाऱ्याची खोबण तशीच राहते आणि औषध मात्र हळूहळू निकामी होत जातं.

गिळता येत नाही, जिभेखालचा भाग किंवा गळा सुजून घट्ट झाला, आवाज बदलला, श्वासाला त्रास होतोय: यातलं काहीही दिसलं तर दवाखान्याच्या वेळेची वाट न पाहता थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावं. खालच्या दाढेचा पू गळ्याच्या पोकळ्यांमध्ये उतरला तर काही तासांत श्वासमार्ग दाबला जाऊ शकतो.

बिल एक्स-रेवर ठरतं

खर्चाचा अंदाज फोनवर मिळत नाही, कारण तो दाढेची स्थिती पाहिल्यावरच बांधता येतो. त्यासाठी ओपीजी काढतात, म्हणजे दोन्ही जबडे एकाच फिल्मवर दाखवणारा एक्स-रे. सगळ्यात स्वस्त ती पूर्ण वर आलेली सरळ दाढ. विशेषतः वरच्या जबड्यातली, कारण तिथलं हाड मऊ असतं. मग नुसत्या हिरडीखाली असलेली, मग अर्धी हाडात असलेली, आणि सगळ्यात महाग ती पूर्ण हाडात पुरलेली. त्यात पुन्हा कल असतो. खालच्या अडकलेल्या दाढांमध्ये पुढे झुकलेली सगळ्यात जास्त आढळते. मागे झुकलेली दिसायला साधी वाटते, पण तिला बाहेर यायची वाट जबड्याच्या उभ्या हाडाने अडवलेली असते, म्हणून सर्जनला तीच जास्त घाम फोडते.

खालच्या दाढेच्या मुळांखालून ओठ-हनुवटीला संवेदना देणारा मज्जातंतू हाडातल्या एका नळीतून जातो. ओपीजीत त्या नळीची पांढरी रेघ मुळाजवळ तुटलेली दिसली, नळी वळलेली दिसली किंवा मूळ तिथेच काळपट दिसलं, तर सीबीसीटी म्हणजे त्रिमितीय स्कॅन करायला सांगतात. हा खर्च वाढवायचा बहाणा नव्हे. ओठाची कायमची बधिरता शंभरात एकाहूनही कमी जणांना येते, पण मुळं नळीला चिकटलेली असतील तर धोका त्याहून बराच वाढतो. अशा वेळी काही सर्जन दाढेचा वरचा भाग कापून मुळं आतच ठेवण्याचा पर्याय देतात. मुळांना संसर्ग नसेल तरच तो चालतो, आणि मुळं पुढे सरकून वर आली तर दुसऱ्यांदा काढावी लागतात, हेही त्याच वेळी विचारून घ्यावं.

फीच्या आकड्यात काय धरलंय आणि काय नाही, यावरच बहुतेक वाद होतात. एक्स-रे, औषधं, टाके काढणं, नंतरच्या तपासण्या, जखम चिघळली तर करावं लागणारं ड्रेसिंग, सगळं लेखी मागावं. फी दर दाढेची आहे की दर बैठकीची, तेही. भुलीचा फरक सगळ्यात मोठा असतो. जागेवरची भूल सहसा फीमध्येच येते, गुंगीचं औषध वेगळं पडतं, आणि पूर्ण भूल घेतली की भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर आणि खाट असे तीन आकडे वाढतात. बहुसंख्य अक्कलदाढा जागेवरच्या भुलीत निघतात. चारही काढायच्याच असतील तर एका दिवशी एका बाजूच्या वरची-खालची अशा दोन बैठका करतात, म्हणजे दुसऱ्या बाजूने चावता येतं. पूर्ण भूल घेणारच असाल तर मात्र चारही एकदम काढणं परवडतं, कारण थिएटरचा खर्च एकदाच होतो.

आधीचा ओपीजी असेल तर सोबत न्यावा, अलीकडचा असेल तर दुसरा काढावा लागत नाही. दंतमहाविद्यालयांच्या रुग्णालयांत फी बरीच कमी असते. तिथे विद्यार्थी वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे वेळ जास्त द्यावा लागतो. विमा असेल तर पूर्वपरवानगी घेतल्याशिवाय तारीख ठरवू नये, कारण एकच दाढ ‘दंतोपचार’ म्हणून नाकारली जाते आणि ‘शस्त्रक्रिया’ म्हणून मंजूर होऊ शकते. आणखी एक स्वस्त वाट कमी लोकांना माहीत असते: वरची अक्कलदाढ खालच्या झडपेवर आपटत असेल आणि तिचा चावायला उपयोग नसेल, तर ती सोपी वरची दाढ काढल्यानेही पुष्कळ आराम पडतो. नुसती झडप कापून टाकणं स्वस्त दिसतं, पण ती बरेचदा पुन्हा वाढते.

थांबायचं की काढायचं? हाडात खोल पुरलेली, कसलाच आजार नसलेली दाढ केवळ ‘आहे म्हणून’ काढू नये. कोणते उपचार करावेत याबाबत ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेला मार्गदर्शन करणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २००० साली हेच धोरण ठरवलं. अक्कलदाढेच्या रेट्याने पुढचे दात वाकडे होतात याला भक्कम पुरावा नाही, तेव्हा त्या भीतीपोटीही काढू नये. पण पुढे झुकलेली आणि शेजारच्या दाढेच्या मानेत, म्हणजे हिरडीलगतच्या भागात, अन्न अडकवणारी दाढ वर्षानुवर्षं ठेवली, तर चांगल्या दाढेचं रूट कॅनॉल आणि कॅप यांचा खर्च वर बसतो. वय वाढतं तसं हाड कडक होतं, मुळं पूर्ण लांब होतात आणि जखम भरायला वेळ लागतो.

खुर्चीवर आणि नंतर

खूप सूज असताना डेंटिस्ट बरेचदा ‘आज फक्त धुऊ, पुढच्या आठवड्यात काढू’ म्हणतो. त्यामागे रसायनशास्त्र आहे. भुलीच्या इंजेक्शनातलं औषध म्हणजे लिग्नोकेन. त्याचा विद्युतभार नसलेला रेणूच मज्जातंतूच्या आवरणातून आत शिरू शकतो. निरोगी ऊतीत जेमतेम पाव हिस्सा रेणू तसे असतात. पू झालेली जागा आम्लधर्मी असते, तिथे हा हिस्सा आणखी घटतो आणि भूल चढत नाही. भूल नीट चढली तरी दाब आणि कटकट आवाज जाणवतोच, कारण स्पर्शाचे जाड तंतू वेदनेच्या बारीक तंतूंइतके सहज बधिर होत नाहीत. दाब जाणवला तर घाबरू नये, तीक्ष्ण कळ आली तर हात वर करावा.

अडकलेली दाढ अख्खी ओढून काढत नाहीत. हिरडी बाजूला करून थोडं हाड कोरतात, दाढेचे दोन-तीन तुकडे करतात आणि एकेक तुकडा उचकटतात. कोरताना पाण्याची धार सतत सोडतात, कारण ४७ अंश सेल्सिअसला मिनिटभर तापलं तरी हाड मरू लागतं.

घरी येताना भूल उतरण्याआधीच पहिली वेदनाशामक गोळी घ्यावी. बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरावा, दर पाच मिनिटांनी उघडून बघू नये. पहिले २४ तास थुंकणं, चूळ भरणं, स्ट्रॉने पिणं बंद. लाळ गुलाबी दिसणं चालतं. रक्त वाहत राहिलं तर ओला करून पिळलेला स्वच्छ गॉज पुन्हा अर्धा तास चावावा, थांबलं नाही तर डॉक्टरांना गाठावं. बर्फ पहिल्या दिवशीच कामाचा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, तेव्हा ती बिघडल्याची खूण मानू नये. मिठाच्या पाण्याच्या हलक्या गुळण्या दुसऱ्या दिवसापासून, आणि तंबाखू-सिगारेट निदान तीन दिवस नाही.

दुखणं रोज थोडं कमी व्हायला हवं. ते कमी होत आलेलं असताना तिसऱ्या-चौथ्या दिवशी अचानक उसळलं, कानापर्यंत गेलं आणि खड्ड्यात गडद गाठीऐवजी फिकट हाड दिसलं, तर तो ड्राय सॉकेट. रक्ताची गुठळी सुटल्याने हाड उघडं पडतं. खालच्या अक्कलदाढेला आणि धूम्रपान करणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो. गोळ्यांनी तो पुरेसा दबत नाही. डेंटिस्ट खड्डा धुऊन औषधी पट्टी भरतो आणि आराम बहुधा त्याच दिवशी पडतो. टाके विरघळणारे नसतील तर साधारण सातव्या दिवशी काढतात. हिरडी तीन-चार आठवड्यांत मिटत येते, आतलं हाड भरायला काही महिने लागतात. ओठाची भूल दोन ते चार तासांत उतरते. दुसऱ्या दिवशी सकाळीही ओठ किंवा जीभ बधिरच असेल, तर टाके काढायच्या तारखेपर्यंत थांबू नये, त्याच दिवशी फोन करावा.