काळाचे नियम मोडणारा भयपट

कमी खर्चात केलेल्या भयपटाचा दुसरा भाग फसला, की त्याचे खापर बहुधा पैशांच्या टंचाईवर फोडले जाते. सांगलीत आम्ही काही विज्ञानप्रेमींनी अलीकडे एकत्र पाहिलेला कालप्रवासावरचा एक परदेशी भयपट मात्र वेगळ्याच कारणाने निराश करून गेला. ओसाड शेतघराच्या तळघरात घडणारा त्याचा पहिला भाग चार पात्रे, एक कंदील आणि एक बंद दार एवढ्याच भांडवलावर उत्तम जमला होता. दुसऱ्या भागात त्याच तळघरात नायिकेला एक कालयंत्र सापडते, ती ते सुरू करते, बारा वर्षे मागे जाते आणि पहिल्या भागात आगीत होरपळून गेलेल्या भावाला वाचवते. तिथून पुढे पडद्यावर कितीही किंकाळ्या फुटल्या तरी प्रेक्षक घाबरत नाही, कारण जे बिघडेल ते यंत्रात बसून पुन्हा दुरुस्त करता येईल हे त्याला कळून चुकलेले असते.

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली ज्या सांगलीत मराठी नाटकाची मुहूर्तमेढ रोवली, तिथल्या प्रेक्षकाला तुटपुंज्या साधनांचे वावडे नाही. रंगवलेला पडदा आणि नटाचा आवाज एवढ्यावर तो राक्षसही मान्य करतो आणि स्वर्गही. २००४ साली प्रकाशात आलेला ‘प्रायमर’ हा कालप्रवासावरचा अमेरिकी चित्रपट तर सुमारे सात हजार डॉलरमध्ये तयार झाला होता आणि त्याने सनडान्स महोत्सवातील सर्वोच्च परीक्षक पारितोषिक मिळवले. कालप्रवासाच्या कथेला लागणारे खरे भांडवल म्हणजे तर्कशुद्धता, आणि तिला पैसे पडत नाहीत. आमच्या चित्रपटाने नेमकी तिथेच काटकसर केली.

एक प्रसंग पाहा. भावाला आगीतून ओढताना नायिकेचा उजवा तळहात भाजला होता आणि तो डाग पहिल्या भागभर दिसतो. दुसऱ्या भागात ती मागे जाऊन आग लागण्याआधीच कंदील विझवते. ती परत येते तेव्हा भिंतीवरच्या छायाचित्रात भाऊ मोठा झालेला दिसतो, आई पूर्वीसारखी हसते, घरातील सगळ्यांच्या आठवणी बदललेल्या असतात. तळहातावरचा डाग मात्र जसाच्या तसा राहतो. आग लागलीच नसेल तर हात कशाने भाजला? आणि भाऊ गेलाच नसेल, तर त्याला वाचवायला मागे जाण्याचे कारण तिच्याजवळ कुठून आले? दिग्दर्शकाने हे प्रश्न बाजूला सारले आहेत. भौतिकशास्त्रज्ञांनी ते गेली पंचाहत्तर वर्षे बाजूला सारलेले नाहीत, आणि त्यांना मिळालेली उत्तरे या चित्रपटापेक्षा कितीतरी अधिक भयप्रद आहेत.

भविष्याकडे होणाऱ्या प्रवासाबद्दल आता वाद उरलेला नाही. आइन्स्टाइन यांच्या १९०५ च्या विशेष सापेक्षता सिद्धांतानुसार वेगाने जाणारे घड्याळ मंद चालते, आणि १९१५ च्या सामान्य सापेक्षता सिद्धांतानुसार गुरुत्वाकर्षण जिथे तीव्र असते तिथेही ते मंद चालते. ऑक्टोबर १९७१ मध्ये जोसेफ हाफेले आणि रिचर्ड कीटिंग यांनी सीझियमची आण्विक घड्याळे प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवली. पूर्वेकडे गेलेली घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांच्या तुलनेत सुमारे ५९ अब्जांश सेकंद मागे पडली आणि पश्चिमेकडे गेलेली सुमारे २७३ अब्जांश सेकंद पुढे गेली. जीपीएसच्या उपग्रहांवरील घड्याळे, त्यांचा वेग आणि त्यांची उंची या दोन्हींचा एकत्रित परिणाम म्हणून, रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. एवढ्या अवधीत प्रकाश अकरा किलोमीटरहून अधिक अंतर कापतो, त्यामुळे ही दुरुस्ती केली नाही तर मोबाइलवरचा नकाशा निरुपयोगी ठरेल. अंतराळ स्थानकात सहा महिने राहून परतलेला अंतराळवीर आपल्यापेक्षा सेकंदाच्या सुमारे दोनशेव्या भागाने तरुण असतो, म्हणजे तेवढ्यापुरता तो आपल्या भविष्यात आलेला असतो.

यासाठी अंतराळात जाण्याचीही गरज नाही. कृष्णा महाबळेश्वरच्या डोंगरात समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतेराशे मीटर उंचीवर उगम पावते आणि वाई, कऱ्हाड ओलांडून साडेपाचशे मीटरच्या आसपास सांगलीला पोहोचते. ही ८०० मीटरची उतरण काळाच्या मोजणीतही उमटते. गुरुत्वीय त्वरण आणि उंचीतील फरक यांच्या गुणाकाराला प्रकाशाच्या वेगाच्या वर्गाने भागले, की उत्तर साडेअकरा लाख कोटी भागांपैकी एका भागाच्या आसपास येते. म्हणजेच महाबळेश्वरचे घड्याळ सांगलीच्या घड्याळापेक्षा दिवसाला सुमारे साडेसात अब्जांश सेकंद, आणि वर्षाला पावणेतीन मायक्रोसेकंदांच्या जवळपास पुढे धावते. ऐंशी वर्षे डोंगरावर राहिलेला माणूस नदीकाठी राहिलेल्या आपल्या जुळ्या भावापेक्षा सेकंदाच्या पाच हजाराव्या भागाहून किंचित अधिक जगलेला असतो. ही केवळ कागदावरची आकडेमोड नाही. टोकियोतील स्कायट्री मनोऱ्यावर, जमिनीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर, जपानी शास्त्रज्ञांनी स्ट्रॉन्शियमचे अतिसूक्ष्म घड्याळ ठेवून असाच फरक मोजला आणि तो दिवसाला चार अब्जांश सेकंदांहून थोडा अधिक भरला. कृष्णाकाठच्या माणसाने घाट चढताना हे एकदा मनात आणून पाहावे असे मला मनापासून वाटते, कारण सापेक्षतेचा सिद्धांत आपल्या गावाच्या नकाशावर असा क्वचितच उतरतो.

हे सगळे प्रवास एकाच दिशेचे आहेत. मागे फिरण्याचा प्रश्न आला की पहिली अडचण उभी राहते ती काळाच्या दिशेची. दुधात टाकलेली हळद ढवळली की पसरते. उलटे ढवळून ती पुन्हा चिमटीत गोळा होत नाही. गंमत अशी की हळदीच्या एकेका कणाला लागू पडणारे गतीचे नियम काळ उलटा चालवला तरी तसेच राहतात. फरक पडतो तो शक्यतांच्या संख्येने. कण विखुरलेले असण्याच्या रचना अगणित आहेत आणि ते एकत्र असण्याच्या रचना त्यांच्या मानाने नगण्य, त्यामुळे अव्यवस्था वाढतच जाते. लुडविग बोल्ट्झमान यांनी एकोणिसाव्या शतकात दिलेले हे स्पष्टीकरण म्हणजे उष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमाचा गाभा होय. मृत्यू, आग, विसर पडणे, या ज्या ज्या गोष्टींची माणसाला भीती वाटते त्या सगळ्या याच नियमाच्या अंमलाखाली येतात. भयपटाचा प्राण या अपरिवर्तनीयतेत असतो, आणि दुसऱ्या भागाने तीच काढून घेतली.

प्रकाशलहरींच्या बाबतीतही दिशेचा असाच पेच आहे. प्रकाशलहरींचे नियम सांगणाऱ्या मॅक्सवेल यांच्या समीकरणांना भविष्याकडे जाणाऱ्या लहरी चालतात तशा भूतकाळाकडे जाणाऱ्याही चालतात, आणि प्रत्यक्षात मात्र पहिल्याच दिसतात. व्हीलर आणि फाइनमन या भौतिकशास्त्रज्ञांनी १९४५ साली याची सांगड विश्वातील इतर सर्व पदार्थांच्या प्रतिसादाशी घातली. पुढे फ्रेड हॉइल यांच्यासह कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी १९६० च्या दशकात दाखवले, की हा प्रतिसाद विश्व कशा प्रकारे प्रसरण पावते यावर अवलंबून असतो. त्यांनी ज्या स्थिर स्थिती विश्वाचा, म्हणजे प्रसरण पावूनही सदैव सारख्याच दिसणाऱ्या विश्वाचा, पुरस्कार केला त्याच्या विरोधात पुढे पुरावे साचत गेले, तरी टेबलावरच्या दिव्याचा प्रकाश उद्याकडेच का जातो याचे उत्तर साऱ्या विश्वाच्या रचनेत शोधण्याचे हे धाडस मला आजही थक्क करते.

तरीही सामान्य सापेक्षतेच्या समीकरणांत भूतकाळाकडे जाणाऱ्या वाटा सापडतात. तर्कशास्त्रज्ञ कुर्ट गोडेल यांनी १९४९ साली, आइन्स्टाइन यांच्या सत्तरीच्या निमित्ताने, फिरत्या विश्वाचे असे एक उत्तर मांडले, ज्यात सरळ पुढे पुढे जाणारा प्रवासी आपल्याच भूतकाळात येऊन पोहोचतो. आपले विश्व तसे फिरत असल्याचे दिसत नाही, त्यामुळे ती वाट आपल्यासाठी नाही. दुसरी वाट एका कादंबरीमुळे सापडली. १९८५ साली खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी आपल्या कथेतील अंतराळप्रवास शास्त्रशुद्ध व्हावा म्हणून भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांचा सल्ला घेतला, आणि थॉर्न वर्महोलकडे वळले. अवकाशातील दोन दूरच्या जागा जोडणारा हा आखूड बोगदा उघडा ठेवायला ऋण ऊर्जा, म्हणजे रिकाम्या अवकाशापेक्षाही कमी ऊर्जा, लागते. ती सूक्ष्म प्रमाणात संभवते, पण माणूस जाईल एवढ्या बोगद्यासाठी ती कशी मिळवायची हे कोणालाही सांगता आलेले नाही. थॉर्न, मॉरिस आणि युर्टसेव्हर यांनी १९८८ साली दाखवले, की अशा बोगद्याचे एक तोंड जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने दूर नेऊन परत आणले तर त्या तोंडावर कमी काळ लोटतो, आणि त्यातून शिरणारा माणूस दुसऱ्या तोंडातून आधीच्या काळात बाहेर पडतो.

या यंत्राला एक मर्यादा आहे, आणि ती आमच्या पटकथाकाराला ठाऊक असायला हवी होती: यंत्र तयार होण्यापूर्वीच्या काळात त्यातून जाता येत नाही. नायिकेने यंत्र आज पहिल्यांदा सुरू केले असेल, तर बारा वर्षांपूर्वीची आग तिच्या आवाक्याबाहेर आहे. उलट, यंत्र सुरू केल्याच्या पहिल्याच क्षणी त्यातून कोणीतरी बाहेर पडू शकते, कारण भविष्यात पुढे कधीही त्यात शिरणाऱ्यांसाठी तो क्षण हे शेवटचे स्थानक असते. तळघर, चार नट आणि एक दार तर निर्मात्याकडे होतेच. हा प्रसंग त्याला फुकट मिळाला असता.

डागाच्या प्रश्नाचे उत्तर मात्र बिलियर्डच्या एका चेंडूने दिले. भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ पोल्चिन्स्की यांनी थॉर्न यांच्यासमोर पेच टाकला: चेंडू बोगद्यात शिरतो, काही क्षण आधीच्या काळात बाहेर पडतो आणि बोगद्याकडे निघालेल्या आपल्याच जुन्या रूपाला असा आदळतो, की ते बोगद्यात जाऊच शकत नाही. मग आदळणारा चेंडू आला कुठून? एचेव्हेरिया, क्लिंकहॅमर आणि थॉर्न यांनी १९९१ साली गणित मांडून दाखवले, की त्याच सुरुवातीपासून विसंगती नसलेली उत्तरेही निघतात. त्यांपैकी एका उत्तरात बाहेर आलेला चेंडू जुन्या चेंडूला फक्त ओझरता घासतो. त्या धक्क्याने जुना चेंडू किंचित तिरपा होतो, पण बोगद्यात शिरतोच. तिरपा शिरल्यामुळे तो तिरपाच बाहेर पडतो. आणि तिरपा बाहेर पडल्यामुळेच त्याची टक्कर समोरासमोर न होता ओझरती होते. कारण आणि परिणाम एकमेकांत चपखल बसतात, आणि कुठेही काहीही बदलले जात नाही.

सोव्हिएत शास्त्रज्ञ इगोर नोविकोव्ह यांनी हाच विचार तत्त्वाच्या रूपात मांडला: भूतकाळात गेलेला प्रवासी फक्त तेच करू शकतो, जे घडून गेलेल्या इतिहासाचा आधीपासूनच भाग आहे. हे तत्त्व आमच्या कथेला लावून पाहा. समजा यंत्र आगीच्या आधीपासून तळघरात चालू होते. नायिका मागे जाते, कंदील विझवायला धावते, अंधारात तिचा धक्का लागून तो कलंडतो आणि आग लागते. पहिल्या भागात दाराआडून ऐकू आलेली आणि शेवटपर्यंत उलगडा न झालेली पावले तिचीच असतात. तळहातावरचा डाग मग चूक राहत नाही, तो पुरावा ठरतो. भावाला वाचवण्याची धडपडच त्याच्या मृत्यूचे कारण व्हावी आणि हे कळूनही काही करता येऊ नये, यापेक्षा मोठे भय मला तरी सुचत नाही.

निसर्ग अशी यंत्रे मुळात होऊच देत नसावा, असे स्टीफन हॉकिंग यांचे मत होते. यंत्र तयार होण्याच्या बेतात असतानाच क्वांटम क्षेत्रांची ऊर्जा अमर्याद वाढून ते नष्ट होईल, असा ‘कालक्रम संरक्षणा’चा कयास त्यांनी १९९२ साली मांडला. २८ जून २००९ रोजी त्यांनी कालप्रवाशांसाठी मेजवानी ठेवली आणि आमंत्रणे नंतर पाठवली. कोणीही आले नाही. अर्थात यंत्र तयार होण्यापूर्वीच्या काळात जाता येत नाही ही मर्यादा लक्षात घेतली तर ही अनुपस्थिती फारसे सिद्ध करत नाही, कारण २००९ साली यंत्रच नव्हते. के, रॅड्झिकोव्स्की आणि वाल्ड यांनी १९९७ साली दाखवले, की भूतकाळात जाणे जिथून शक्य होऊ लागते अशा ज्या सीमेवरचे गणित हॉकिंग यांनी केले तिथे सध्याचे सिद्धांतच अपुरे पडतात. गुरुत्वाकर्षणाचा क्वांटम सिद्धांत हाती येईपर्यंत हा कयास कयासच राहणार आहे.

इतिहास खरोखर बदलायचाच असेल, तर एकच सुसंगत पर्याय उरतो. भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड डॉइच यांनी १९९१ साली, क्वांटम यामिकीतील (अणुरेणूंच्या पातळीवरच्या भौतिकशास्त्रातील) अनेक समांतर विश्वांच्या कल्पनेच्या आधारे तो मांडला: मागे गेलेला प्रवासी दुसऱ्या विश्वाच्या भूतकाळात उतरतो, त्यामुळे त्याने तिथे काहीही केले तरी त्याचा स्वतःचा भूतकाळ अबाधित राहतो. या पर्यायात नायिकेच्या हातावरचा डाग योग्यच ठरतो आणि भाऊही वाचतो. फक्त तो दुसऱ्या विश्वातला भाऊ असतो, त्या घरात त्याची स्वतःची बहीण असते, आणि जिथून नायिका निघाली तिथल्या आईने आगीत मुलगा गमावलेला असतो व आता तळघरात उतरलेली मुलगीही.