अमेरिकेत जन्मलं की नागरिक : हा नियम आला कुठून

२० जानेवारी २०२५ ला ट्रम्पनी शपथ घेतली आणि त्याच दिवशी एका ऑर्डरवर सही केली. आई अमेरिकेत बेकायदा राहत असेल किंवा कायदेशीर पण तात्पुरत्या व्हिसावर असेल, आणि बाप नागरिकही नाही आणि ग्रीन कार्डवालाही (म्हणजे कायम राहायची परवानगी असलेलाही) नाही, तर तिथे जन्मलेल्या बाळाला इथून पुढे नागरिक धरायचं नाही, असं त्यात होतं. सहीनंतर ३० दिवसांनी जन्मणाऱ्या बाळांपासून लागू. बेकायदा राहणाऱ्यांचा वाद तिकडे कित्येक वर्षं चालूच होता, पण तात्पुरत्या व्हिसात नोकरीचा एच-१बी आला, कंपनीतल्या बदलीचा एल-१ आला, स्टुडंट व्हिसा आला, म्हणजे न्यू जर्सीपासून बे एरियापर्यंतची आपली किती घरं आली ते वेगळं सांगायला नको.

तेव्हापासून एक वाक्य सारखं ऐकू येतं, की हा नियम गुलामांच्या मुलांसाठी केलेला होता, बाकीचे लोक त्याचा उगाच फायदा घेतात. यातला पहिला भाग खरा आहे, दुसरा नाही. आणि का नाही हे कळायला जरा मागे जावं लागतं.

सुरुवात ड्रेड स्कॉटपासून. व्हर्जिनियात गुलाम म्हणून जन्मलेला हा माणूस, त्याचा मालक सैन्यात डॉक्टर, तो बदलीच्या गावी याला बरोबर न्यायचा, त्यात इलिनॉयसारखी जिथे गुलामगिरीला बंदी होती अशी ठिकाणंही होती. तिथे राहिलो म्हणजे मी मुक्त झालो असं म्हणत त्याने आणि त्याची बायको हॅरिएटने १८४६ मध्ये सेंट लुईसच्या कोर्टात दावा लावला. अकरा वर्षं केस चालली आणि ६ मार्च १८५७ ला सुप्रीम कोर्टाने सात विरुद्ध दोन असा निकाल दिला. चीफ जस्टिस रॉजर टॅनीने लिहिलं की काळा माणूस, मग तो गुलाम असो की मुक्त, अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही, त्यामुळे कोर्टात यायचा हक्कच त्याला नाही. म्हणजे पिढ्यान् पिढ्या इथेच जन्मलेले, इथेच राबून मेलेले लाखो लोक, आणि त्यांचा देश कुठला तर कुठलाच नाही. मला हा निकाल कधीही वाचला तरी राग येतो. त्यानंतर काही आठवड्यांतच एका नव्या मालकाने स्कॉटला मुक्त केलं, पण १८५८ मध्ये क्षयाने तो गेला.

मग यादवी युद्ध झालं, गुलामगिरी संपली, पण टॅनीचा निकाल पुस्तकात तसाच होता. म्हणून १८६६ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, सिव्हिल राइट्स अ‍ॅक्ट केला आणि त्यात इथे जन्मलेला तो नागरिक असं लिहिलं. प्रेसिडेंट अँड्र्यू जॉन्सनने त्यावर व्हेटो वापरला, आणि व्हेटोचं कारण सांगताना त्याने स्वतःच लिहिलं की यामुळे पॅसिफिक किनाऱ्यावरचे चिनी, जिप्सी, सगळेच नागरिक होतील. काँग्रेसने व्हेटो मोडून कायदा पास केला. पण साधा कायदा उद्या दुसरी काँग्रेस येऊन रद्द करू शकते ही भीती होतीच, म्हणून मग तीच गोष्ट राज्यघटनेत घालायचं ठरलं, ती १४ वी घटनादुरुस्ती.

मे १८६६ मधली सिनेटमधली चर्चा मला या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाची वाटते. मिशिगनचे जेकब हॉवर्ड यांनी कलम मांडलं, अमेरिकेत जन्मलेल्या आणि तिथल्या कायद्याच्या अधिकाराखाली असलेल्या सगळ्या व्यक्ती नागरिक. पेनसिल्व्हेनियाचे एडगर कॉवन उठले आणि विचारलं, मग कॅलिफोर्नियातल्या चिन्याचं मूलही नागरिक होणार का, जिप्सींचं होणार का, उद्या चिनी लोकांचे लोंढे आले तर काय करायचं. याला उत्तर दिलं कॅलिफोर्नियाच्याच जॉन कॉनेस यांनी, जे स्वतः आयर्लंडमध्ये जन्मलेले होते. ते म्हणाले, हो, त्या मुलांनाही नागरिक धरायचं, आणि मी त्यासाठीच मत देतोय. म्हणजे गुलामांपुरतंच होतं, बाकीच्यांचा विचारच नव्हता असं म्हणणाऱ्यांनी हे बघावं, की प्रश्न उघड विचारला गेला होता, विरोध करणाऱ्यांनाही अर्थ नीट कळला होता, आणि तरीही कलम पास झालं. जुलै १८६८ मध्ये पुरेशा राज्यांनी मंजुरी दिली आणि ते घटनेत आलं.

कायद्याच्या अधिकाराखाली हे शब्द कशाला घातले तर परदेशी वकिलातीतल्या अधिकाऱ्यांची मुलं वगळायला, शत्रूचं सैन्य येऊन बसलं तर त्यांची मुलं वगळायला, आणि मूळ अमेरिकन जमातींना वगळायला, कारण त्यांच्याशी तेव्हा तह व्हायचे आणि त्यांची वेगळी सत्ता मानली जायची. या शेवटच्या गोष्टीने मोठा अन्याय झाला. जॉन एल्क नावाचा माणूस आपली जमात सोडून नेब्रास्कातल्या ओमाहाला राहायला आला, मतदार यादीत नाव घालायला गेला, नाही म्हणाले. १८८४ मध्ये सुप्रीम कोर्टानेही नाहीच म्हटलं. ज्यांची ती जमीन मुळात होती त्या सगळ्यांना जन्माने नागरिक मानायला १९२४ साल उजाडलं, आणि तेही काँग्रेसने वेगळा कायदा केला तेव्हा.

आता वाँग किम आर्क. आपल्या घरातल्या ज्या बाळाचा अमेरिकन पासपोर्ट आहे तो या माणसाच्या केसवर उभा आहे, म्हणून याच्यावर जरा थांबतो.

१८७३ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये जन्म. आईबाप चिनी, दुकान चालवायचे. त्यांना नागरिक व्हायचं असतं तरी होता येत नव्हतं, कारण १७९० पासूनचा कायदा होता की अर्ज करून नागरिक फक्त गोऱ्यांना होता येईल, १८७० मध्ये त्यात आफ्रिकन वंशाचे घातले पण आशियातले बाहेरच. त्यात १८८२ ला चायनीज एक्सक्लूजन अ‍ॅक्ट आला, चिनी मजुरांना देशात यायलाच बंदी. आईबाप पुढे चीनला परत गेले. वाँग स्वयंपाकी म्हणून काम करायचा. १८९४ मध्ये तो चीनला जाऊन आला, जाताना इथेच जन्मलोय याचे कागद आणि गोऱ्या साक्षीदारांच्या सह्या बरोबर ठेवलेल्या, तरी ऑगस्ट १८९५ ला कॉप्टिक बोटीने परत आल्यावर कस्टम्सच्या अधिकाऱ्याने त्याला उतरू दिलं नाही. तू चिनी आहेस, नागरिक नाहीस. आपलं जन्मगाव समोर दिसतंय आणि हा महिनोन् महिने बंदरातल्या बोटींवर, एका बोटीवरून दुसऱ्या बोटीवर, असा अडकून. सरकारला या प्रश्नावर टेस्ट केस पाहिजेच होती आणि ती मिळाली. चायनाटाउनच्या संघटनेने चांगले वकील दिले, खालच्या कोर्टात तो जिंकला, सरकार वर गेलं.

२८ मार्च १८९८ ला सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध दोनने त्याच्या बाजूने निकाल दिला. निकाल लिहिला होरेस ग्रे यांनी, ज्यांनी एल्कच्या विरुद्ध निकाल लिहिला होता त्यांनीच. त्यांचं म्हणणं असं की इंग्लंडच्या जुन्या कायद्यापासून जन्मभूमीचाच नियम आहे, घटनेने तोच पक्का केला, अपवाद मोजके आहेत आणि वाँग त्यात बसत नाही. आणि पुढे त्यांनी दाखवून दिलं की परदेशी आईबापांची मुलं नागरिक नाहीत असं धरलं तर इंग्लिश, स्कॉटिश, आयरिश, जर्मन घरातले हजारो लोक, ज्यांना आजवर सगळे नागरिकच मानत आलेत, तेही बाहेर जातील. मला वाटतं खरी मेख इथे होती, चिन्यांना बाहेर काढायला गेलं तर गोऱ्यांचीही मुळं उघडी पडत होती. आणि हे कोर्ट काही उदारमतवादी वगैरे नव्हतं, दोनच वर्षांपूर्वी प्लेसी केसमध्ये काळ्या-गोऱ्यांचे रेल्वे डबे वेगळे ठेवायला याच कोर्टाने मान्यता दिलेली. त्या केसमध्ये एकटेच विरोधात उभे राहिलेले जस्टिस हार्लन वाँगच्या बाबतीत मात्र विरुद्ध बाजूला गेले, चिन्यांबद्दल त्यांचंही मन तेवढं मोठं झालं नाही.

निकाल लागूनही त्रास संपला नाहीच. १९०१ मध्ये टेक्सासच्या एल पासोला वाँगला परत पकडलं, परत सिद्ध कर म्हणून.

आपल्या लोकांचा संबंध यानंतर येतो. भगतसिंग थिंड, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते, त्यांनी अर्ज करून नागरिकत्व मिळवलं होतं, ते १९ फेब्रुवारी १९२३ ला सुप्रीम कोर्टाने काढून घेतलं, का तर सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो त्यात हिंदुस्तानी बसत नाही. मग सरकारने इतर भारतीयांचंही नागरिकत्व काढायला सुरुवात केली. थिंड यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही केस झाली, ती त्यांनी लढून जिंकली, पण बरेच जण हरले. वैष्णोदास बगाई यांनी तर १९२८ मध्ये आत्महत्या केली. याच काळात कॅलिफोर्नियात परदेशी आशियाई लोकांना शेतजमीन विकत घ्यायची बंदी होती, तेव्हा पंजाबी शेतकऱ्यांनी काय केलं तर जमिनी तिथे जन्मलेल्या मुलांच्या नावावर केल्या. बापाला देश नाकारत होता आणि मूल जन्माने नागरिक होतं, कारण वाँगचा निकाल होता. भारतीयांना अर्ज करून नागरिक व्हायची वाट १९४६ च्या कायद्याने उघडली.

या हक्काची परीक्षा १९४२ मध्ये परत झाली. जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना छावण्यांत टाकलं, त्यातले जवळजवळ दोन तृतीयांश तिथेच जन्मलेले नागरिक होते. जन्माच्या नागरिकत्वाने त्यांना छावणीपासून वाचवलं नाही, हे कबूल करायलाच पाहिजे. पण त्याच वेळी एका संघटनेने या लोकांची नावं मतदार यादीतून काढा, वाँगचा निकाल बदला म्हणून कोर्टात धाव घेतली, तर युद्धाच्या त्या तापलेल्या दिवसांतही कोर्टांनी ते फेटाळलं.

आपल्याकडच्या बऱ्याच जणांना ट्रम्पची ऑर्डर एवढी धक्कादायक वाटत नाही, त्याचं कारण मला वाटतं आपला स्वतःचा अनुभव. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात भारतात जन्मला तो भारतीय असंच होतं. १ जुलै १९८७ पासून आईबापांपैकी एक तरी भारतीय पाहिजे, आणि ३ डिसेंबर २००४ पासून एक भारतीय आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. हे सगळं संसदेने साध्या बहुमताने केलं, कारण जन्माचा हा नियम आपल्याकडे साध्या कायद्यात होता. अमेरिकेत तो घटनेत आहे, आणि मुद्दाम तिथे ठेवलाय, म्हणजे निवडून आलेल्या कुणालाही, प्रेसिडेंटला तर नाहीच नाही, एका सहीने तो हलवता येऊ नये.

म्हणूनच ऑर्डर निघाल्यावर तिसऱ्याच दिवशी सिएटलच्या जज जॉन कॉगनौर यांनी ती थांबवली, ट्रम्पच्याच पक्षाच्या रेगनने प्रेसिडेंट असताना नेमलेले जज, आणि त्यांनी स्पष्ट सांगितलं की ही उघड उघड घटनाबाह्य आहे. २७ जून २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल बऱ्याच जणांनी ट्रम्प जिंकले असा वाचला, पण तो एका जजला अख्ख्या देशासाठी स्थगिती देता येते का एवढ्यापुरताच होता, नागरिकत्वाला त्यांनी हात घातलाच नाही. लगेच जुलैत न्यू हॅम्पशायरच्या कोर्टाने सगळ्या बाळांचा मिळून एक गट धरून ऑर्डर परत अडवली, आणि डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने मूळ प्रश्न सुनावणीला घेतला.

कोर्टात सरकारचा मुख्य भर एका गोष्टीवर होता. वाँगच्या आईबापांचं कायमचं घर अमेरिकेत होतं असं निकालात म्हटलंय, मग तात्पुरत्या व्हिसावाल्यांना तो लागू नाही. मला हे पटत नाही. घटनेच्या कलमात आईबापांचा उल्लेखच नाही, जन्मणाऱ्याचा आहे. एच-१बीवाला टॅक्स भरतो, गुन्हा केला तर तिथल्याच तुरुंगात जातो, वकिलातीतल्या अधिकाऱ्यासारखं कुठलं संरक्षण त्याला नाही, मग तो अधिकाराखाली नाही तर काय. आणि तात्पुरता तरी कसला, नोकरीच्या ग्रीन कार्डांत एका देशाला साधारण सात टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे भारतीयांची रांग एवढी लांब आहे की लोक दहा-पंधरा वर्षं त्याच व्हिसावर घर घेऊन, मुलं शाळेत घालून राहतायत.

ही ऑर्डर लागू झाली तर जन्मलेल्या बाळाचं स्टेटस काय, त्याला व्हिसा कुठला, हे तिच्यात लिहिलेलंच नव्हतं. आईबाप भारतीय असतील तर वर्षाच्या आत कॉन्सुलेटमध्ये नोंद करून भारतीय नागरिकत्व मिळवता येतं, पण ज्यांचा देश पासपोर्ट देत नाही किंवा जे देश सोडून पळून आलेत त्यांच्या बाळाचं काय होणार. आणि हे फक्त बाहेरून आलेल्यांपुरतं राहत नाही. ऑर्डरच्या आधी तिथे जन्मलेल्याला पासपोर्ट काढताना नागरिकत्वाचा पुरावा म्हणून सरकारी बर्थ सर्टिफिकेट पुरायचं. ऑर्डर लागू झाली तर तिथल्या प्रत्येक आईबापाला, सात पिढ्या तिथल्या असल्या तरी, बाळाच्या आधी स्वतःचे कागद दाखवायला लागतील.