तीन तासांच्या फरकाने वाचवलेली नाटकं

12 जानेवारी 1955 च्या रात्री न्यू यॉर्कमधून ‘पॅटर्न्स’ नावाचं तासाभराचं नाटक अमेरिकेच्या टीव्हीवर झालं. लेखक होता रॉड सर्लिंग, नुकताच तिशीत आलेला. विषय मोठ्या कंपनीतल्या खुर्चीच्या राजकारणाचा. लोकांना ते इतकं भिडलं की चार आठवड्यांनी, 9 फेब्रुवारीला, ते पुन्हा दाखवलं गेलं. आता ‘पुन्हा दाखवलं’ म्हणजे काय? तर नट परत स्टुडिओत आले, सेट परत उभा राहिला, कॅमेरामन परत आपापल्या खुणांवर गेले आणि पहिल्या वाक्यापासून सगळं परत केलं. आपल्या नाटकवाल्यांच्या भाषेत, दुसरा प्रयोग लागला.

त्या काळात हे अगदी साहजिक होतं. ‘क्राफ्ट टेलिव्हिजन थिएटर’, ‘स्टुडिओ वन’, ‘फिल्को टेलिव्हिजन प्लेहाउस’ अशा नावांखाली दर आठवड्याला नवी गोष्ट, नवी पात्रं, नवं नेपथ्य. पुढच्या आठवड्यात त्यातलं काहीच नाही. प्रायोजकाचं नाव बहुतेकदा कार्यक्रमाच्या नावातच असायचं. क्राफ्ट चीजवाले, फिल्को रेडिओ-टीव्हीवाले. आणि सगळं थेट. वाक्य विसरलं, दार अडकलं, तर ते देशभर दिसायचं.

पण मग माझ्यासारखा माणूस सत्तर वर्षांनी, घरी बसून, ही नाटकं पाहतो कशी? जे साठवायची सोयच नव्हती ते उरलं कसं? याचं उत्तर एका ओबडधोबड यंत्रात आणि अमेरिकेच्या रुंदीत आहे. आधी कॅमेऱ्याकडे जाऊ, कारण घोळ तिथूनच सुरू होतो.

दुसऱ्या महायुद्धाआधीच्या टीव्ही कॅमेऱ्यांना प्रचंड उजेड लागायचा. दिव्यांखाली नटांची अक्षरशः भट्टी व्हायची. युद्धानंतर आरसीए कंपनीची ‘इमेज ऑर्थिकॉन’ ही नळी आली. ती आधीच्या नळीपेक्षा किमान शंभरपट संवेदनशील होती, आणि तिच्यामुळेच स्टुडिओत नाटक करणं माणसांना झेपेल असं झालं. तंत्रज्ञ तिला लाडाने ‘इमी’ म्हणत. अमेरिकी टीव्हीचा तो प्रसिद्ध पुरस्कार, एमी, त्याचं नाव याच इमीवरून पडलं. नटनट्यांनी छातीशी धरून रडायच्या बाहुलीचं नाव एका काचेच्या नळीवरून यावं, याची मला फार गंमत वाटते.

या नळीत होतं काय? लेन्समधून आलेला उजेड आधी एका प्रकाशसंवेदी थरावर पडतो आणि तिथून इलेक्ट्रॉन सुटतात. ते वेगाने जाऊन अत्यंत पातळ काचेच्या पडद्यावर आदळतात. प्रत्येक धडकेत काचेतून एकाहून जास्त इलेक्ट्रॉन उडतात आणि शेजारच्या बारीक जाळीत जमा होतात. म्हणजे चित्रात जिथे उजेड जास्त, तिथे काचेवरचे इलेक्ट्रॉन जास्त घटले. काचेच्या मागच्या बाजूने एक संथ इलेक्ट्रॉन-झोत ओळीने फिरतो आणि घटलेली जागा भरून काढतो. जे इलेक्ट्रॉन लागत नाहीत ते माघारी येतात. त्या परतीच्या झोताला अनेक पटींनी वाढवलं की झाला चित्राचा विद्युत संदेश.

आता समजा नायिकेच्या गळ्यातला हार लखकन चमकला. तिथून इतके इलेक्ट्रॉन उडतात की जाळी ते सगळे गोळा करू शकत नाही. उरलेले काचेवरच आजूबाजूला सांडतात. सांडले तिथे ‘इथे अंधार आहे’ अशी खोटी नोंद होते, आणि पडद्यावर हाराभोवती काळं वलय दिसतं. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये मेणबत्तीच्या ज्योतीभोवती किंवा टकलावरच्या चमकेभोवती अशी काजळी दिसली, तर ती याच सांडलेल्या इलेक्ट्रॉनांची. पांढरा शर्टही त्रास द्यायचा, म्हणून पुरुष नट फिकट निळा शर्ट घालत. काळ्यापांढऱ्या पडद्यावर तो पांढराच दिसायचा. शिवाय कॅमेरा एकाच स्थिर दृश्यावर फार वेळ रोखून ठेवला तर ते दृश्य नळीत ‘चिकटून’ बसे आणि पुढच्या दृश्यात भुतासारखं डोकावे.

एवढं करून चित्र तयार झालं, प्रक्षेपित झालं, आणि हवेत विरलं. ते धरायचं कसं? उपाय अगदी बाळबोध होता. टीव्हीच्या पडद्यासमोर सिनेमाचा कॅमेरा लावायचा. 1947 मध्ये ईस्टमन कोडॅकने खास या कामासाठी कॅमेरा आणला. या पद्धतीला आणि तिच्यातून निघालेल्या फिल्मलाही ‘किनेस्कोप’ म्हणत.

डबा टीव्ही असताना मोबाइलने त्याचं चित्रीकरण करून पाहिलं असेल, तर पडद्यावर वर-खाली सरकणारे काळे पट्टे तुम्हाला आठवतील. किनेस्कोपवाल्यांपुढे नेमकी तीच आफत होती. अमेरिकी टीव्हीचं चित्र सेकंदाला 60 वेळा वरून खाली रेखाटलं जायचं. एकदा विषम ओळी, एकदा सम ओळी. प्रत्येक फेरीला ‘फील्ड’ म्हणतात आणि दोन फील्ड मिळून एक पूर्ण चित्र होतं, म्हणजे सेकंदाला 30 चित्रं. फिल्म मात्र सेकंदाला 24 चित्रांनी चालते. 30 चा मेळ 24 शी घालायचा कसा?

हिशोब करून पाहू. फिल्मच्या एका चौकटीला मिळतो सेकंदाचा चोविसावा भाग. तेवढ्या वेळात टीव्हीची अडीच फील्ड होतात. त्यातली दोन फील्ड फिल्मवर घ्यायची आणि उरलेल्या अर्ध्या फील्डच्या वेळात शटर मिटून फिल्म पुढची चौकट येईपर्यंत ओढायची. अर्धं फील्ड म्हणजे सेकंदाचा एकशेविसावा भाग. एवढ्या वेळात फिल्म झटकन ओढून परत स्थिर करणं हे त्या काळच्या यंत्रकारांचं खरं कौशल्य.

पण अर्धं फील्ड गाळलं की पुढची चौकट चित्राच्या मध्यावर सुरू होते. म्हणजे आधी खालचा अर्धा भाग, मग एक अख्खं फील्ड, मग वरचा अर्धा भाग. हे दोन अर्धे पडद्याच्या बरोबर मध्यावर जुळायला हवेत. शटर किंचित उशिरा मिटलं तर सांध्यावर दोनदा उजेड पडून पांढुरकी रेघ, लवकर मिटलं तर काळी रेघ. कित्येक किनेस्कोपांत नटाच्या नाकावरून किंवा हनुवटीवरून ही आडवी रेघ लपलपताना दिसते.

यातून एक मजेशीर आकडा निघतो. प्रत्येक चौकटीत पाचवा हिस्सा वेळ शटर मिटलेलं, म्हणजे तासाभराच्या नाटकात एकूण 12 मिनिटं कॅमेऱ्याने काही पाहिलंच नाही. (साधा सिनेमा कॅमेरा तर जवळजवळ अर्धा वेळ डोळे मिटून असतो, तेव्हा त्यासाठी किनेस्कोपला दोष देण्यात अर्थ नाही.) खरं नुकसान हालचालीचं झालं. 1955 साली न्यू यॉर्कमधल्या प्रेक्षकाला सेकंदाला 60 वेळा ताजं होणारं, पाण्यासारखं वाहतं चित्र दिसत होतं. क्रिकेटचा सामना थेट पाहताना दिसतं तसं. आपल्याला त्याच नाटकाची 24 चौकटींची, धूसर, काळं फार काळं नि पांढरं फार पांढरं झालेली आवृत्ती दिसते आणि आपण म्हणतो, ‘अरे वा, जुन्या सिनेमासारखं आहे.’ त्या प्रेक्षकाने ते सिनेमासारखं कधी पाहिलंच नव्हतं. हल्ली संगणकाने दोन चौकटींमधली हालचाल अंदाजून मधली चित्रं भरता येतात. अशी दुरुस्ती केलेलं दृश्य पाहिलं की माणसं एकदम जिवंत वाटायला लागतात, थोडी भीतीच वाटते.

असा गचाळ माल कोण कशाला बनवेल? इथे अमेरिकेची रुंदी येते. आपल्याकडे द्वारकेपासून इटानगरपर्यंत एकच घड्याळ, त्यामुळे हा त्रास आपल्याला चटकन कळत नाही. न्यू यॉर्कमध्ये रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये संध्याकाळचे सहा. माणसं अजून कचेरीतून घरी पोचायची असतात. सप्टेंबर 1951 मध्ये दोन्ही किनारे टीव्हीने जोडले गेले. त्याआधी तर पश्चिमेला फिल्मची रिळंच पाठवावी लागत आणि नाटक पुढे कधीतरी दिसायचं. जोडणी झाल्यावर नवीन खेळ सुरू झाला. सहा वाजता न्यू यॉर्कहून येणारं नाटक लॉस एंजेलिसमध्ये किनेस्कोपवर उतरवायचं, फिल्म तातडीने धुवायची, वाळवायची आणि नऊच्या ठोक्याला प्रक्षेपित करायची. हातात तीन तास. निगेटिव्हवरून छपाई करायला वेळ नसेल तर निगेटिव्हच लावायची आणि काळ्याचं पांढरं विजेच्या मंडलात उलटवून घ्यायचं. यंत्रातून निघालेलं रीळ अजून कोमट असायचं, म्हणून तंत्रज्ञांनी नाव दिलं ‘हॉट किने’.

थोडक्यात, ही रिळं पुढच्या पिढ्यांसाठी वगैरे कोणी बनवली नव्हती. ती फक्त तीन तास टिकायला हवी होती.

संगीतिकांचं आणखी वेगळं. 24 डिसेंबर 1951 ला एनबीसी या टीव्ही-नेटवर्कने जान कार्लो मेनोत्तीचा, खास टीव्हीसाठी रचलेला ऑपेरा थेट दाखवला. 7 मार्च 1955 ला ‘पीटर पॅन’ हे उडणाऱ्या पोराचं संगीत नाटक झालं, तेही रंगीत. पीटर झालेली मेरी मार्टिन तारेला लटकून स्टुडिओभर उडत होती आणि साडेसहा कोटी लोक बघत होते. रंगीत कॅमेऱ्यात एकाऐवजी तीन इमेज ऑर्थिकॉन. लाल, हिरवा, निळा अशी उजेडाची तिघांत वाटणी, त्यामुळे दिवे पुन्हा वाढले. 31 मार्च 1957 ला सीबीएस या दुसऱ्या नेटवर्कने कळस केला. रॉजर्स आणि हॅमरस्टाइन या संगीतकार-गीतकार जोडीने टीव्हीसाठी लिहिलेली ‘सिंड्रेला’, नायिका ज्युली अँड्र्यूज, प्रेक्षक 10 कोटी 70 लाख. हेही थेट आणि रंगीत. आज जे उपलब्ध आहे ते काळंपांढरं किनेस्कोप. ‘पीटर पॅन’ 1956 मध्ये पुन्हा थेट केलं, तेही काळ्यापांढऱ्यातच उरलं. 1960 मध्ये तिसऱ्यांदा केलं तेव्हा मात्र रंगीत टेपवर घेतलं, आणि म्हणून पुढच्या पिढ्यांची मेरी मार्टिन रंगीत आहे.

कारण मधल्या काळात टेप आली होती. आवाजाची टेप आधीपासून होतीच. चित्राची अडचण वेगाची. आवाजाला सेकंदाला फार तर वीस हजार कंपनं, चित्राला चाळीस लाख. टेप त्या हिशोबाने पळवायची तर आरसीएने 1953 मध्ये ती सेकंदाला 30 फूट पळवून दाखवली. रीळ चार मिनिटांत संपायचं. कॅलिफोर्नियातल्या अँपेक्स कंपनीत चार्ल्स गिन्सबर्गच्या तुकडीने प्रश्नच उलटा केला. (या तुकडीत विशीतला रे डॉल्बी होता, थिएटरमधला तोच डॉल्बी.) टेप हळू चालू दे, तिच्यावर नोंद करणारं हेडच पळव. दोन इंच रुंद टेप सेकंदाला 15 इंच सरकते आणि तिच्यावर आडवं फिरणारं, चार हेड बसवलेलं चाक सेकंदाला 240 फेरे घेतं. टेप जिथे सेकंदाला 38 सेंटिमीटर जाते, तिथे हेड तिच्यावरून जवळजवळ 40 मीटर धावतं. एप्रिल 1956 मध्ये शिकागोत हे यंत्र दाखवलं आणि 30 नोव्हेंबरला सीबीएसने त्यावरून पहिला कार्यक्रम पश्चिमेला दाखवला. कार्यक्रम कुठला? रात्रीच्या बातम्या. काम तेच, तीन तासांचा फरक भरून काढायचं.

चित्र इतकं स्वच्छ की थेट आहे की टेपवरचं, ओळखू येईना. आणि इथेच गोची झाली. टेप महाग होती, पण पुसून पुन्हा वापरता येत होती. फिल्मवर एकदा चित्र उठलं की ती दुसऱ्या कशाच्याही कामाची नाही. फार तर तिच्यातली चांदी काढता येते. म्हणून ती कुठेतरी गोदामात पडून राहायची. टेप कपाटात परत जायची ती कोरी होऊन.

‘सिंड्रेला’त परीची भूमिका केली होती एडी अ‍ॅडम्सने. तिचा नवरा अर्नी कोवॅक्स टीव्हीवरचा अफाट विनोदवीर. 1962 मध्ये तो अपघातात गेला, आणि त्याच्या कार्यक्रमांच्या टेप पुसल्या जात आहेत हे तिला कळलं. तिने उरलेल्या टेप विकत घेतल्या. 1996 मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या सुनावणीत तिने साक्ष दिली. बंद पडलेल्या ड्युमाँट नेटवर्कची किनेस्कोपं 1970 च्या दशकात रात्री ट्रकांत भरून नेली आणि न्यू यॉर्कच्या खाडीत बुडवली, असं तिने सांगितलं. सांभाळायचा खर्च कोणी करायचा, यावर म्हणे वाद चालला होता.

उलट घडलेलंही एक सांगतो. 20 सप्टेंबर 1954 ला ‘स्टुडिओ वन’मध्ये रेजिनाल्ड रोझचं ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ झालं. एका खोलीत बारा ज्युरी, एका पोराच्या जिवाचा फैसला. आपल्याकडे त्याच गोष्टीवरून बासू चॅटर्जींनी 1986 मध्ये ‘एक रुका हुआ फैसला’ केला, म्हणून आपल्याला ती तोंडपाठ आहे. मूळ टीव्ही-प्रयोगाचा मात्र पहिला अर्धा भागच कित्येक वर्षं उपलब्ध होता. बारा जण भांडत आहेत, आणि मध्येच फिल्म संपते. 2003 मध्ये एक अख्खं 16 मिलिमीटरचं किनेस्कोप सापडलं, सॅम्युअल लीबोविट्झ यांच्या घरच्या चीजवस्तूंत. लीबोविट्झ नावाजलेले फौजदारी वकील, आणि पुढे ब्रुकलिनमध्ये न्यायाधीश.