पेप्टाइड, मायक्रोवेव्ह आणि नागपूरचा मे महिना

पेप्टाइड बनवण्याच्या जुन्या कृतींमध्ये एक ओळ हमखास असते: ‘खोलीच्या तापमानाला अमुक मिनिटे हलवत ठेवा.’ नागपुरात ही ओळ फसवते. जानेवारीच्या सकाळी प्रयोगशाळेत १५ अंश असतात, मे महिन्यात एसी बंद पडला की ४०. तापमान १० अंशांनी वाढले की पुष्कळ अभिक्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. म्हणजे एकच कृती या दोन दिवशी पाचसहा पटींच्या फरकाने धावते. ठरवलेले तापमान राखणाऱ्या मायक्रोवेव्ह यंत्राचे महत्त्व इथून समजून घ्यावे.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची माळ. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ ब्रूस मेरिफिल्ड यांनी १९६३ मध्ये दाखवले की पहिला मणी रेझिनच्या (न विरघळणाऱ्या, प्लास्टिकसारख्या पदार्थाच्या) बारीक दाण्यांना बांधून ठेवला, तर पुढचा प्रत्येक मणी जोडून उरलेली रसायने नुसती धुऊन टाकता येतात. १९८४ चे नोबेल त्यांना याच कामासाठी मिळाले. अडचण गणिताची आहे. ३० मण्यांच्या माळेत २९ जोडण्या. प्रत्येक जोडणी ९९ टक्के झाली तर शेवटी सुमारे ७५ टक्के माळा पूर्ण निघतात, ९५ टक्के झाली तर जेमतेम २३. त्यातच वाढत्या माळा एकमेकींना चिकटून बसतात आणि पुढच्या मण्याला आत वाट मिळत नाही. उष्णतेने ही गुंतागुंत सैल होते.

मायक्रोवेव्हची वारंवारता २.४५ गिगाहर्ट्झ. तिच्या फोटॉनची ऊर्जा इतकी कमी असते की रासायनिक बंध तुटण्याचा प्रश्नच येत नाही. डीएमएफसारख्या (डायमिथिलफॉर्मामाइड) ध्रुवीय, म्हणजे दोन टोकांना विरुद्ध विद्युतभार असलेल्या, द्रावकाचे रेणू ती ऊर्जा शोषून घेतात आणि द्रव आतून, काही सेकंदांत तापतो. घरच्या ओव्हनमध्ये सावजी रस्सा कडेला उकळतो आणि मधे कोमट राहतो, कारण तिथे लहरींची घनता जागोजागी वेगळी असते. प्रयोगशाळेच्या यंत्रात लहान पोकळी, ढवळण्याची सोय आणि द्रवातच बुडणारा फायबर-ऑप्टिक तापमापक असतो. घरचा ओव्हन या कामाला कधीही वापरू नये. तापमानावर ताबा नाही आणि द्रावकाची वाफ पेट घेऊ शकते.

आता एका जोडणीची कृती पाहू. ०.१ मिलिमोलचे प्रमाण घेऊ (मोल हे रेणूंची संख्या मोजण्याचे एकक, मोलर म्हणजे लिटरमागे तितके मोल). ग्रॅममागे ०.५ मिलिमोल क्षमतेचे रेझिन २०० मिलिग्रॅम लागते. आधी डीएमएफमध्ये २० टक्के पिपरिडिन हे अल्कधर्मी रसायन घालून एफमॉक हे टोकावरचे झाकण काढतात: ९० अंशांवर सुमारे १ मिनिट, थंड पद्धतीत २० मिनिटे. मग धुणे. त्यानंतर ०.२ मोलर अमिनो आम्ल २.५ मिलि, जोडणी घडवणारे ०.५ मोलर डीआयसी १ मिलि आणि त्याला साथ देणारे १ मोलर ऑक्झिमा ०.५ मिलि, ९० अंशांवर २ मिनिटे. डीआयसी आणि ऑक्झिमा एकत्र आले की हायड्रोजन सायनाइड सुटू शकतो, म्हणून सगळे काम धूरकपाटातच (फ्यूम हूड).

खरी कसोटी पुढे आहे, कारण उष्णता नको त्या अभिक्रियाही पळवते. सिस्टीन आणि हिस्टिडीन तापले की त्यांची डावी-उजवी ठेवण बिघडते. ही चूक वजन मोजून सापडत नाही, कारण वजन तेच राहते. म्हणून हे दोन मणी ५० अंशांपुढे नेऊ नयेत. आर्जिनिन सक्रिय झाल्यावर स्वतःच्याच शेपटीवर वळून लॅक्टम हे वलय बनते आणि जोडणीआधीच वाया जाते. त्याला आधी न तापवता २५ मिनिटे, मग ७५ अंशांवर ५ मिनिटे द्यावीत, तेही दोनदा. ॲस्पार्टिक आम्लापुढे ग्लायसिन असेल तर ॲस्पार्टिमाइडचे वलय तयार होते, आणि पिपरिडिनचा प्रत्येक पुढचा फेरा ते वाढवत नेतो. अशा माळेत सौम्य पिपराझिन वापरावे, झाकण काढण्याचे तापमानही उतरवावे.

मे महिन्यातली आणखी एक चूक बाटलीत असते. जुन्या, उन्हाळ्यात बाहेर राहिलेल्या डीएमएफमध्ये डायमिथिलअमीन साचते. ते एफमॉक वेळेआधीच काढते आणि एकाच्या जागी दोन मणी बसतात. माशाच्या वासाचा डीएमएफ सरळ बाजूला ठेवावा.

विकरांचे (एन्झाइमांचे) गणित उलटे आहे. तिथे साधनच उष्णतेने मोडते. प्रथिनाचे तुकडे करायला ट्रिप्सिन हे विकर एरवी ३७ अंशांवर रात्रभर ठेवतात. मायक्रोवेव्हमध्ये ५० अंशांच्या आसपास १५ ते ३० मिनिटांत बरेचसे काम उरकते. प्रथिनाच्या २० ते ५० भागांना ट्रिप्सिनचा १ भाग, ५० मिलिमोलर अमोनियम बायकार्बोनेट, सामू (पीएच) ८ च्या जवळ. ६० अंशांच्या वर ट्रिप्सिनची घडी उलगडत जाते आणि तुकडे अर्धवट राहतात.

लहरींचा उष्णतेपलीकडे काही वेगळा परिणाम असतो का, यावर बराच वाद झाला. काही यंत्रांतला, बाहेरून नळीच्या भिंतीचे तापमान वाचणारा इन्फ्रारेड सेन्सर आतल्या द्रवापेक्षा कमी आकडा दाखवू शकतो, आणि तो फरक ‘लहरींचा परिणाम’ म्हणून खपतो. म्हणून प्रत्येक नव्या विकरासाठी दुसरी नळी साध्या वॉटर बाथमध्ये, त्याच मोजलेल्या तापमानाला, तितकीच मिनिटे ठेवावी आणि दोन्हींचे तुकडे शेजारी शेजारी तपासावेत.