पंढरपूरच्या पुजाऱ्यांना सरकारी तिजोरीतून पगार? नाही

‘देऊळ सरकारचं झालं, आता पुजारी आपल्या करावर बसून खातात,’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. ते चुकीचं आहे.

पंढरपूर मंदिरे अधिनियम 1973 चा. त्याने बडवे-उत्पातांचे, म्हणजे तिथल्या पिढीजात पुजारी घराण्यांचे, वंशपरंपरागत हक्क आणि दक्षिणेतला वाटा संपवला. जानेवारी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. कारभार शासननियुक्त समितीकडे, कार्यकारी अधिकारीही शासनाचा. गोंधळ होतो तो इथेच. पण पुजाऱ्यांचा पगार मंदिरनिधीतून निघतो, आणि तो निधी म्हणजे दानपेटी, देणगी पावत्या, भक्तनिवासाचं भाडं. थोडक्यात, भाविकांचा पैसा. तीर्थक्षेत्र विकासाचा सरकारी निधी वेगळा, तो रस्ते आणि शौचालयांसाठी असतो.

आणि ‘बसून’? पहाटे काकडा, मग नित्यपूजा, महानैवेद्य, पोशाख, धूपारती, रात्री शेजारती. आषाढीआधी देवाचा पलंग काढतात, विठ्ठलाच्या पाठीशी लोड देतात आणि दर्शन चोवीस तास सुरू. हे प्रक्षाळपूजेपर्यंत, म्हणजे यात्रेनंतर देवाचा शीण घालवायच्या पूजेपर्यंत, चालतं. इतके दिवस गाभाऱ्यात आळीपाळीने सेवा करणं हे कष्टाचंच काम आहे.

गावोगावच्या देवळांचं गणित निराळं. तिथे बऱ्याच ठिकाणी देवस्थान इनाम, म्हणजे देवळाला इनाम दिलेली, महसुली नोंदीत वर्ग 3 ची जमीन असते. तिचं उत्पन्न पूजाअर्चेसाठी, मालकी देवाची, पुजारी फक्त वहिवाटदार. परवानगीशिवाय विक्री झाली की व्यवहार अडकतो. सातबाऱ्यावर देवाचं नाव आहे का, ते आधी बघा.

काही राज्यं पुजाऱ्यांना, इमामांना मानधन देतात, हे खरं. पंढरपूरला ते लागू नाही.